डाव्या हाताच्या चारशे अठरा गाठी

तुम्ही सात जण होता, आणि सातांपैकी एकानेही त्या कोटाला हात लावला नाही.

हा आरोप आहे आणि तो तोंडावर करायचा आहे, म्हणून सुरुवातीलाच केला. काचेच्या अलीकडून पाहिलंत, हात पाठीमागे बांधून पाहिलंत, एकाने चष्मा काढून पाहिलं. मग आत जाऊन चहा प्यायलात, कोटाला पारितोषिक दिलंत आणि मानपत्रात लिहिलंत, ‘थांबण्याचं धैर्य’. त्या शब्दांमुळे अरिमात्सू गावातली शहाऐंशी वर्षांची एक बाई सगळा हिवाळा मान खाली घालून बसली. ‘हे आम्हाला कुणी कळवलं नाही’ असं आता म्हणू नका. कळवलं होतं. तुमच्या शिक्क्यानिशी उत्तरही आलं होतं. तेव्हा आता नीट ऐका.

कोट केला कुझे फुयुकोने. तोक्योत तिचं दुकान आहे. दुकान कसलं, पांढऱ्या भिंती आणि त्यात टांगलेले अकरा कपडे. बटण दिसत नाही, खिसा दिसत नाही, शिवण कुठून निघाली आणि कुठे गेली ते मुरलेल्या शिंप्यालाही सांगता येत नाही. “कपड्यातून काय काढून टाकता येईल ते मी आधी बघते,” असं ती मुलाखतीत सांगते आणि ते खरं आहे. काढून टाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण नुसतं काढतच गेलं की शेवटी हातात चादर उरते, हे तिला चाळिशीला येता येता कळलं, आणि ती अरिमात्सूला खेपा घालायला लागली. बांधणीसाठी.

अरिमात्सूत तोमिएआजी बांधते. मिझोगुची घराण्यातली सून, सोळाव्या वर्षी लग्न करून आली तेव्हापासून. कापडावर निळ्या फुलाच्या रसाचे ठिपके छापून येतात. समोर लाकडी घोडी, घोडीला एक आकडा, म्हणजे टोकाशी वाकवलेली जाड सुईच. ठिपका आकड्यात अडकवायचा, त्याच्या बुडाशी दोरा गुंडाळायचा, ओढायचा, पुढचा ठिपका. सगळं थान, म्हणजे अख्खा तागा, बांधून झालं की ते निळीच्या हौदात जातं. जिथे गाठ असते तिथे रंग शिरत नाही, तिथे पांढरा ठिपका उमटतो. गाठ सैल असली तर रंग शिरतो आणि ठिपका आजाऱ्याच्या डोळ्यासारखा गढूळ होतो. तोमिएआजीचे ठिपके कधी गढूळ झाले नाहीत. रंगारी बान्नो म्हणायचा, “आजीच्या गाठीत शिरायचं म्हणजे नीळसुद्धा आधी दार वाजवते.”

गावाची एक रीत आहे. एका थानाला एकच हात. जिने सुरू केलं तिनेच संपवायचं, कारण प्रत्येकीची ओढ वेगळी आणि रंगात गेल्यावर ती लपत नाही. मधेच कुणी मेलं तर थान अर्धवट गुंडाळून फडताळात जातं, पण दुसरीच्या मांडीवर जात नाही. दुसरी रीत अशी, की बांधणारीचं नाव कापडावर कुठेच येत नाही. पहिली रीत फुयुकोला ठाऊक होती. दुसरी तिच्या फारच सोयीची होती.

थान ऑक्टोबरात दिलं होतं आणि फेब्रुवारीत यायचं होतं. ते आलं मार्चच्या शेवटाला. बरोबर वाळवलेल्या पर्सिमन फळांची पिशवी आणि आजीची सून कियोमी हिची दोन ओळींची चिठ्ठी. ‘सासूबाईंना उशीर झाला. माफी असावी.’ फुयुकोच्या नव्या कपड्यांचा कार्यक्रम मे महिन्यात होता. रविवार होता, दुपारचे बारा. कामाच्या खोलीत ती एकटीच होती. तिने लांब टेबलावर थान उलगडलं.

आधी सगळं नेहमीसारखं. तांदूळ पसरावेत तशा बारीक, ताठ गाठी. मग शेवटच्या हातभर कापडात काहीतरी बिघडलं. गाठी मोठ्या झाल्या, वाकड्या झाल्या. दोरा उगाच सात-आठ वेळा गुंडाळलेला, तरी बोटाने ढकलली तर गाठ हलत होती. दोऱ्याची टोकं चपटी झालेली, कुणी चावल्यासारखी.

चावल्यासारखी. हे तिला दिसलं. ‘मला ते दिसलं नाही’ असं ती पुढे कधीच म्हणाली नाही, एवढं तरी तिच्या पदरात टाकायला हवं.

फोन तिथेच टेबलावर होता. फोन उचलायचा आणि बोलायचं काय? आजी, तुमच्या गाठी सैल आल्यात? सत्तर वर्षं बांधणाऱ्या बाईला? असं आपल्यात कुणी बोलत नाही. समोरच्याचं चुकलेलं दिसलं की आपण नजर खाली करतो, गुपचूप सावरून घेतो आणि याला सभ्यपणा म्हणतो. फुयुकोने तोच सभ्यपणा केला. धागे कापायची छोटी कात्री घेतली आणि गाठी सोडायला बसली. एक गाठ, एक टिच्‌. मधे तिने चहा केला. चार वाजायच्या आत सगळ्या गाठी सुटल्या होत्या. दोरे तिने तळहाताने गोळा करून टोपलीत टाकले, कापडावर वाफेची इस्त्री फिरवली. शेवटची ओळ मधेच तुटलेली आणि पुढे नुसतं कापड.

मग ती स्टुलावर चढली आणि वरून पाहिलं.

सुंदर दिसलं. आजीची लाज झाकली वगैरे तिने स्वतःला नंतर सांगितलं. आधी सुंदर दिसलं. दाटी, दाटी, दाटी आणि एकदम काही नाही. सहा वर्षं ती जे कागदावर रेखाटत होती आणि जमत नव्हतं, ते समोर पडलं होतं. ती बराच वेळ स्टुलावरून उतरली नाही. तो आनंदच असणार, असं तिने ठरवून टाकलं.

थान बान्नोकडे गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“बाई, या टोकाला निळे ठिपके आहेत, गाठी नाहीत. ठिपके धुऊन टाकायचे?”

“धुवा.”

“कापडावर वळ आहेत हो. बारीक. इथे गाठी बसल्या होत्या कधीतरी.”

“रंगवून कधी देता?” फुयुकोने विचारलं. बान्नोने पुन्हा विचारलं नाही. तोही सभ्य माणूस.

“धुतो,” तो म्हणाला.

मे महिन्यात कोट लोकांसमोर आला. डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत पांढऱ्या ठिपक्यांचं धुकं, मग एका ओळीच्या मध्यात ते धुकं थांबतं, आणि खाली गुडघ्यापर्यंत गडद निळा रिकामेपणा. कार्यक्रम संपल्यावर एका मासिकाच्या बाईने विचारलं, “ही ओळ अर्ध्यात कशी काय सोडलीत?” फुयुकोने खाली पाहिलं. खरं सांगायला तिला एक श्वास पुरला असता. ती म्हणाली, “हात थांबला, तिथे मीही थांबले.”

वाक्य छापून आलं. तुम्ही ते वाचलंत आणि सप्टेंबरात मानपत्रात जसंच्या तसं घातलंत. वर तुमचे दोन शब्द. खाली सात सह्या. नाव एकच, कुझे फुयुको.

नोव्हेंबरात कोट तीन दिवसांसाठी अरिमात्सूच्या सभागृहात आणला. गावच्या बांधणीला मान मिळाला म्हणून गावानेच बोलावला होता. तुमच्याकडे काच होती, इथे काच नव्हती, एक दोरी होती फक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी कियोमी सासूला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. फुयुको दाराशीच उभी होती. तिने आजीला वर्षभरात पाहिलं नव्हतं. आजीचा उजवा हात मांडीवर उताणा पडलेला, शाल ठेवावी तसा.

“आजी, हे काय झालं?”

“वय झालं,” म्हातारी म्हणाली. बोलणं जरा जड झालं होतं, पण शब्द कळत होते. “तुमचं अभिनंदन, बाईसाहेब. पेपरात फोटो बघितला. कोट झकास, तुम्ही मात्र वाळलात.”

कियोमीने दोरी बाजूला केली. गावातलं कापड, गावातली बाई, कोण अडवणार? आजीने डावा हात पुढे केला आणि बोटं कोटावर ठेवली. खांद्यापासून खाली आली, एकेका ठिपक्यावरून, आंधळं माणूस वाचतं तशी. तुटलेल्या ओळीपाशी बोटं थांबली. मग पुढे गेली. मोकळ्या निळ्यावरून पुढे, मागे, परत पुढे. तिचा चेहरा बदलला.

“इथे माझ्या होत्या,” ती म्हणाली.

कियोमीने खुर्ची आणखी पुढे ढकलली.

“इथे माझ्या चारशे अठरा होत्या.” आणि मग तिने जे केलं ते फुयुको मरेपर्यंत विसरायची नाही. खुर्चीत बसल्या बसल्या ती कमरेतून वाकली, कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत. “हौदात सुटल्या असणार. सगळ्याच्या सगळ्या सुटल्या. बाईसाहेब, तुमचं थान मी नासवलं. आणि तुम्ही एक शब्द न बोलता ते कोटात सामावून घेतलंत. माझी लाज राखलीत. मला माफ करा.”

फुयुकोने काय करायला हवं होतं ते पोरासोरांनाही कळेल. तिने काय केलं? ती परत वाकली. आजीपेक्षा खाली. “असं नका म्हणू,” एवढंच म्हणाली. दोघी एकमेकींपुढे वाकलेल्या, आणि सभागृहातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय हा नम्रपणा!

गाडीपाशी कियोमीने तिला गाठलं. कियोमी अठ्ठावन्न वर्षांची, लोणच्याच्या दुकानात काम करते, तोंडाची तिखट.

“तुम्हाला सांगू नको म्हणून आईंनी बजावलं होतं, पण आता काय राहिलंय? डिसेंबरात झटका आला. अर्धांगाचा. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले पडून राहा. या म्हणाल्या, थान अर्ध्यात आहे.”

“मला कळवायचं होतं.”

“कळवून? दुसरीला दिलं असतंत? थान फुकट गेलं असतं आणि तुमचा मे महिना बुडाला असता. म्हणून डाव्या हाताने बांधलं. आकड्यात ठिपका, डाव्या हातात दोरा, आणि ओढायला दात. ओठ फाटायचे. मी मलम लावायची, त्या पुसून टाकायच्या, दोऱ्याला डाग पडेल म्हणायच्या. दिवसाला सहा-सात गाठी. मी एकदा म्हटलं, आई, कशाला? तर म्हणाल्या, तू लोणचं घाल.” कियोमीने नाक पुसलं. “आणि सगळ्या सुटल्या. एकसुद्धा राहिली नाही. निदान दहा तरी राहायच्या होत्या हो.”

तोक्योची गाडी दीड तासाची. फुयुकोने तो सगळा वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत काढला. कात्रीच्या कडीचा ठसा अंगठ्यावर आहे असं तिला वाटत होतं. आठ महिन्यांनी कसला ठसा? तरी तिने अंगठा मिटून घेतला, शेजारच्याला दिसू नये म्हणून.

त्यानंतर तिला आपलंच दुकान नकोसं झालं. पांढऱ्या भिंती बघितल्या की इथलं कुणी काय काय पुसलं असेल, असं मनात यायचं. लोक कौतुक करायचे आणि तिचे कान तापायचे. आरशासमोर केस विंचरताना ती स्वतःच्या डोळ्यांकडे बघायची नाही, भांगाकडे बघायची.

डिसेंबरात तिने तुम्हाला पत्र लिहिलं. हाताने, चार पानी. सगळं लिहिलं. गाठी, कात्री, चावलेली टोकं, आपलं खोटं वाक्य. मागणी एकच होती. मानपत्रात मिझोगुची तोमिए हे नाव घाला आणि ते दोन शब्द काढा.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, कारण तिने ती स्वतःच पुढे कबूल केली. ते पत्रही पळवाटच होती. तुम्ही नाव घातलं असतंत तर खरं काय ते आजीला परस्पर कळलं असतं. फुयुकोला तिच्यासमोर बसून तोंड उघडावं लागलं नसतं.

तुमचं उत्तर जानेवारीच्या मध्यावर आलं. ‘आपली संवेदनशीलता आम्हाला भिडली. निवड ही पूर्ण झालेल्या वस्तूची असते, तिच्या घडणीतल्या खासगी अडचणींची नव्हे. या पत्राचा उल्लेख आमच्याकडून कुठेही होणार नाही. आपण निश्चिंत असावं.’

निश्चिंत! तिने चोरी कबूल केली आणि तुम्ही तिला पांघरूण पाठवलंत. तुम्हीही सभ्य माणसं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बान्नोचा फोन आला. त्याला रंगाबद्दल काहीतरी विचारायचं होतं. ते विचारून झाल्यावरही तो फोन ठेवेना.

“आठ तारखेला देवळात सुयांचा दिवस आहे,” तो म्हणाला. “मोडक्या सुया टोफूत टोचतात, मऊ जागेत विसावा म्हणून. तोमिएआजी आकडा घेऊन जाणार आहे. म्हणते, चारशे अठरा गाठी धरता येत नाहीत त्या हातात आकडा कशाला? आकडा मोडलेला नाही, बाई. चांगला आहे.”

“बान्नोसान, तुम्हाला ठाऊक होतं.”

“मला ठाऊक होतं. तीस वर्षं कापड बुडवतोय, सुटलेली गाठ आणि सोडलेली गाठ मला कळत नाही होय? सुटलेली गाठ दोरा घेऊन हौदाच्या तळाशी सापडते. तळाशी एक दोरा नव्हता.” मग म्हणाला, “मी बोललो नाही. मी गावात तोंड लपवून हिंडतोय. तुम्ही तर गावात येतही नाही, तुम्हाला बरं आहे.”

आठ तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला फुयुको देवळात पोचली. हातात गोडाचा खोका, चांगल्या दुकानातला, चांगल्या कागदात बांधलेला. माफी मागायला जाताना नेतात तसा. आवारात तीस-पस्तीस बायका रांगेत, सगळ्या बांधणाऱ्या आणि शिवणाऱ्या. प्रत्येकीच्या हातात कागदाची पुडी. पुढे तबकात उशीएवढा टोफू, त्यात आत्ताच शंभरेक सुया चमकत होत्या. आजीची खुर्ची तबकापासून चौथी होती.

“बाईसाहेब आल्या!” आजीने तिला आधी पाहिलं. “एवढ्या थंडीत? आणि कोटाला बटणं नाहीत तुमच्या, वारा शिरतो ना आत. कियोमी, हात शेकायची एक गरम पुडी दे त्यांना खिशात ठेवायला.”

फुयुको खडीवर गुडघे टेकून बसली. खोका बाजूला ठेवला आणि दोन्ही हात जमिनीला टेकले. रांगेतल्या माना वळल्या.

“आजी, तो आकडा टोचू नका. तुमच्या गाठी सुटल्या नाहीत. मी सोडल्या.”

“काय म्हणाली?” मागून एका बहिऱ्या म्हातारीने विचारलं.

“मी सोडल्या म्हणाली,” दुसरीने मोठ्याने सांगितलं.

“कुणाला सोडलं?”

“गाठी गं! तोमिएच्या गाठी!”

आजीने डोळे बारीक केले. “कशाने?”

“कात्रीने.”

“कुठल्या?”

“धागे कापायच्या. छोट्या.”

“किती वेळ लागला?”

“दुपारी बसले. चारपर्यंत झाल्या.”

“चारपर्यंत,” आजी म्हणाली. “मला चौसष्ट दिवस लागले.”

आणि मग ती हसली. अर्धा चेहरा हलत नव्हता, उरलेल्या अर्ध्याने हसली, मान मागे वळवून. “ऐकलंत का गं? सुटल्या नव्हत्या! ए बहिरे, तुला सांगते, सुटल्या नव्हत्या माझ्या! हौदात गेल्याच नव्हत्या!” रांगेतल्या चार-पाच जणी रडायला लागल्या. कियोमीने तोंडावर हात ठेवला होता आणि ती फुयुकोकडे असं बघत होती की त्या नजरेपेक्षा थोबाडीत बरी.

हसणं ओसरलं. आजी परत फुयुकोकडे वळली तेव्हा चेहरा दगडासारखा झाला होता.

“सैल होत्या?”

“होत्या.”

“खोटं बोलत नाहीस, बरं आहे.” ‘बाईसाहेब’ म्हणणं तिथेच संपलं. “मग सैलच रंगवायच्या. नीळ शिरली असती. ठिपके गढूळ आले असते. आले असते तर आले असते. बघणाऱ्याला कळलं असतं, इथे म्हातारीचा हात गेला आणि तरी ती बांधत होती. तेवढं कळायला नको कुणाला?”

“तुमचा अपमान होईल असं वाटलं.”

“माझा? का तुझ्या कोटाचा?”

फुयुकोची मान इतकी खाली गेली की कपाळाला खडी टोचली.

“मला विचारायचं होतंस. फोन होता ना तुझ्याकडे?”

“टेबलावरच होता.”

“आणि दोरे? माझे दोरे कुठे आहेत?”

“टाकले.”

आजीने डोळे मिटले. आत्तापर्यंतच्या सगळ्यात हेच तिला लागलं, हे फुयुकोला दिसलं. ज्या दोऱ्यांना डाग पडू नये म्हणून तिने ओठावरचं मलम पुसलं होतं, ते कचऱ्याच्या टोपलीत गेले होते. पुढच्या बाईने घाईघाईने सुई टोचली आणि बाजूला झाली. आजीचा नंबर आला. तिने पुडी उलगडली, आकडा पाहिला, परत गुंडाळला आणि शालीत खोचला.

“कियोमी, घरी चल. तूही चल गं, खडीवर काय बसलीस? खोका उचल. तो मी माफीचा म्हणून माझ्या नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवणार नाही, पण तुला भूक लागेल. वेळ लागणार आहे.”

घरी तिने फुयुकोला घोडीसमोर बसवलं. कियोमीला सांगून तिचा उजवा हात एप्रनच्या दोरीने पाठीमागे बांधवून घेतला. कियोमीने तो जरा जास्तच आवळला. समोर ठिपके छापलेलं कापड, बाजूला दोरा.

“बांध.”

फुयुकोने आकड्यात ठिपका अडकवला. तो निसटला. परत अडकवला. दोरा दातात धरला, गुंडाळायला गेली, दोरा जिभेला चिकटला. ठिपका निसटला. बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला, ओसरला. कियोमीने चहा आणला, सासूला दिला, स्वतः घेतला, फुयुकोला दिला नाही. तिचा ओठ फाटला तेव्हा दोऱ्याला लाल डाग पडला.

“डाग पाडलास,” आजी म्हणाली.

“माफ करा.”

“माफी नको, गाठ दे.”

पाच वाजेपर्यंत तीन गाठी झाल्या. पहिल्या दोन आजीने बोटाने ढकलल्या, त्या पटकन सुटल्या. तिसरी हलली, पण सुटली नाही. आजीने तिच्यावर बोट ठेवून ठेवलं.

“ही गढूळ येईल. पण येईल,” ती म्हणाली. मग विचारलं, “ते मानपत्रवाले किती जण?”

“सात.”

“त्यांना हे सगळं ठाऊक आहे?”

फुयुकोने तुमचं पत्र पिशवीतून काढून वाचून दाखवलं. ‘निश्चिंत असावं’ला कियोमीने एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. आजीने कापडाकडे हनुवटी केली. “सात तुकडे काप. प्रत्येकात एक ठिपका ठेव.”

ती पाकिटं तुम्हाला मिळाली. सात पाकिटं, प्रत्येकात बोटभर कापड, एक निळा ठिपका, हातभर दोरा, एक आकडा. सोबत फुयुकोची चिठ्ठी. सातही पाकिटांची पोच सहीनिशी आली, त्याला आता सहा आठवडे झाले. गाठ एकही आली नाही. फुयुको दर रविवारी अरिमात्सूला येते, हात पाठीमागे बांधून घेते आणि बांधते. एकोणतीस झाल्यात. गावातल्या बायका दारातून डोकावून हसतात, ती मान वर करत नाही. हसू देते.

तिने काय केलं ते तिने गावासमोर खडीवर बसून सांगितलं. बान्नो आजीच्या दारात येऊन रडून गेला. राहिलात तुम्ही. उजवा हात खिशात घाला आणि बांधा. एकच ठिपका आहे. बांधली असेल तर पाठवा, सैल असली तरी चालेल, इथे कुणी ती गुपचूप सोडणार नाही. जमली नसेल तर तसं लिहा, जमली नाही म्हणून. आणि दोन्हीपैकी काहीही केलंत तरी एवढं कळवा : मानपत्रावर मिझोगुची तोमिए हे नाव कधी घालताय? ती लवकरच सत्त्याऐंशी वर्षांची होईल. तारीख सांगा.